रोबोचं पहिलं सेमिस्टर

रोबोटिक्स शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या डोक्यात बहुधा सिनेमातला रोबो रजनीकांत असतो. पहिल्या आठवड्यात फळ्यावर मात्र येतो थॉमस बेझ नावाचा अठराव्या शतकातला इंग्लिश धर्मोपदेशक. बेझ १७६१ मध्ये वारला. त्याच्या कागदपत्रांत संभाव्यतेवरचा एक निबंध सापडला, रिचर्ड प्राइस या मित्राने तो नीट करून १७६३ मध्ये छापून आणला, आणि आज अडीचशे वर्षांनंतर बिनचालकाच्या गाड्या त्याच सूत्राच्या भरवशावर रस्त्यावर उतरतात. मोटर, लेसर, धातूचा हात वगैरे सगळं नंतर. आधी संभाव्यता. कितीतरी जणांचा चेहरा इथेच पडतो.

पण जरा दम धरा. रोबोसाठीची कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग या नावाखाली पदवीच्या वर्गात जे शिकवतात, त्यात कॉफी आहे, पत्ते आहेत, काडेपेट्या आहेत, जहाजाचं सुकाणू आहे, झालंच तर अपहरणही आहे.

एक लाख साठ हजारांचा वर्ग

२०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी आपला एआयचा प्राथमिक कोर्स इंटरनेटवर फुकट खुला केला. नावं नोंदवली सुमारे १,६०,००० जणांनी! शेवटापर्यंत टिकले सुमारे २३,०००. थ्रन सांगतात, की ज्यांनी स्टॅनफर्डची सणसणीत फी भरली होती त्यांनीही वर्गात येणं हळूहळू सोडलं. दोनशेच्या वर्गात तीसेक डोकी उरली. बाकीचे खोलीवर बसून व्हिडिओच बघत होते. अटेंडन्सच्या नावाने बोंब फक्त आपल्याकडेच असते, असं कुणी म्हणू नये.

पुढच्याच वर्षी थ्रन यांनी उडॅसिटीवर रोबो-गाडीचा प्रोग्राम लिहायला शिकवणारा कोर्स काढला. पुढे तो जॉर्जिया टेकच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमातही गेला. त्याचा पोर्शन पाच-सहा प्रश्नांत मावतो: मी कुठे आहे? बाकीचे कुठे आहेत? तिथे जायचं कसं? ठरवलेली वाट धरून कशी ठेवायची? आणि नकाशाच नसेल तर? बऱ्याच विद्यापीठांत थोड्याफार फरकाने हाच क्रम असतो. गंमत म्हणजे यातला एकही प्रश्न आपल्याला सकाळी दूध आणायला जाताना पडत नाही.

पाच घरं, दोन लाल

पहिला धडा इतका सोपा आहे, की वहीच्या मागच्या पानावर होतो. करूनच बघा.

एका ओळीत पाच घरं काढा. हिरवं, लाल, लाल, हिरवं, हिरवं. रोबो यातल्या कुठल्या तरी घरात आहे, पण कुठल्या ते त्याला ठाऊक नाही. म्हणून प्रत्येक घराला सारखी शक्यता, म्हणजे ०.२. आता त्याच्या सेन्सरला लाल रंग दिसला. सेन्सरवर पूर्ण विश्वास ठेवायचा नसतो, तो फसतोही. तेव्हा रंग जुळणाऱ्या घरांना ०.६ ने गुणायचं आणि न जुळणाऱ्यांना ०.२ ने. लाल घरांना प्रत्येकी ०.१२ आले, हिरव्यांना ०.०४. बेरीज भरली ०.३६. तिने सगळ्यांना भागलं की लाल घरं प्रत्येकी एक तृतीयांश आणि हिरवी प्रत्येकी एक नवमांश.

आता रोबो उजवीकडे एक घर सरकला. शेवटच्या घरातून पुढे गेलं की पहिलं घर येतं, असं धरायचं. सगळे आकडेही एकेक घर उजवीकडे सरकतात. तिथे सेन्सर म्हणाला, 'हिरवं'. पुन्हा तोच गुणाकार, तोच भागाकार. चौथ्या घराची शक्यता निघते सुमारे ४७ टक्के. दुसऱ्या घराची जेमतेम ५. रोबोला अजून खात्री नाही, पण पैज लावायचीच असेल तर कुठे लावायची ते कळलं.

बेझचं सूत्र ते हेच. इथून पुढचं अर्धं सेमिस्टर या दोन पायऱ्यांवर उभं असतं. पाहिलं, की खात्री वाढते. चाललं, की कमी होते, कारण चाक घसरतं, फरशी ओली असते, मोटर सांगितल्यापेक्षा अंमळ जास्त फिरते. रोबोचं आयुष्य या दोहोंच्या रस्सीखेचीत जातं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच आहे. आपल्याला काय ठाऊक नाही, किती ठाऊक नाही, हे यंत्र चक्क आकड्यात सांगतं. माणसांत हा गुण क्वचित सापडतो, टीव्हीवरच्या चर्चेत तर नाहीच.

रोबोचं अपहरण

'किडनॅप्ड रोबो' ही खरोखर पुस्तकातली समस्या आहे. आपण स्वयंपाकघरात आहोत अशी रोबोची पक्की समजूत झाली असताना त्याला उचलून गच्चीवर ठेवलं, तर? त्याचा आधीचा सगळा हिशेब चुलीत. रोबोंच्या फुटबॉलमध्ये हे नेहमीचंच. पंच नियम मोडणाऱ्या खेळाडूला बखोट धरून मैदानाबाहेर ठेवतो आणि थोड्या वेळाने भलतीकडूनच आत सोडतो.

यावर उपाय म्हणजे पार्टिकल फिल्टर. हजारो आभासी रोबो नकाशावर कुठेही शिंपडायचे. खऱ्या रोबोला समोर भिंत दिसली, की ज्या आभासी रोबोंसमोर भिंत नाही ते बाद होत जातात. जे जुळतात त्यांच्या प्रती वाढतात. काही फेऱ्यांत सगळी गर्दी एका कोपऱ्यात जमते: रोबो तिथे आहे. आणि अपहरणाची सोय म्हणून थोडे आभासी रोबो कायम इकडेतिकडे टाकत राहायचे.

ही पद्धत मॉन्टे कार्लोच्या घराण्यातली, आणि ते घराणं सुरू झालं आजारपणातल्या पत्त्यांपासून. स्टॅनिस्लाव उलाम हे गणितज्ञ १९४६ मध्ये दुखण्यातून उठताना एकट्याने पत्ते खेळत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढायला गेले तर डोकं फिरायची वेळ आली. त्यापेक्षा शंभर डाव मांडावेत आणि किती सुटतात ते मोजावं, हा सरळ मार्ग त्यांना सुचला. बायकोला 'नुसता पत्ते कुटत बसलास' म्हणायची सोय उरली नाही.

'मी कुठे आहे?' हे भर गर्दीत ओळखायचं कसं? वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधल्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात १९९८ मध्ये मिनर्व्हा नावाची रोबो-गाइड दोन आठवडे फिरत होती. चहूबाजूंनी प्रेक्षकांचा गराडा पडला, की भिंती दिसेनात. म्हणून तिने नजर वर लावली होती. ती छताकडे बघून आपण कुठे आहोत ते ओळखायची. तिला भुवया आणि ओठ होते. लोक वाटेतून हटले नाहीत, की आधी हसायची आणि मग वैतागल्याचा चेहरा करायची.

कालमन यांना लोकांनी आधी हिंग लावून विचारलं नाही

बुडापेस्टमध्ये जन्मलेले रुडॉल्फ कालमन इलेक्ट्रिकलचे. १९६० मध्ये त्यांनी आपला प्रसिद्ध फिल्टर मांडला. स्वतःच्या शाखेतले लोक तेव्हा साशंक होते, त्यामुळे निबंध गेला मेकॅनिकलवाल्यांच्या जर्नलमध्ये. नासाच्या एम्स केंद्रातल्या स्टॅन्ली श्मिट यांना मात्र त्यातलं मर्म उमगलं. अपोलो यान चंद्राकडे जाताना नक्की कुठे आहे, या प्रश्नाला त्यांनी हा फिल्टर लावला. आज तो ड्रोनमध्ये असतो, रोबोत असतो, बिनचालकाच्या गाडीत तर असतोच. दोन अर्धवट माहित्या एकत्र केल्या, की दोन्हींपेक्षा बरी माहिती मिळते, एवढंच तो सांगतो. हे वाक्य परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळत नाहीत, मॅट्रिक्सचं गणित लिहावं लागतं.

वीस मिनिटांची कॉफी

आता वाट शोधणे. १९५६ मध्ये एडस्गर डायक्स्ट्रा हे तरुण डच गृहस्थ होणाऱ्या बायकोबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदीला निघाले होते. पायपीट झाली, कॉफी प्यायला बसले, आणि कमीत कमी अंतराची वाट शोधायची पद्धत वीसेक मिनिटांत डोक्यातल्या डोक्यात तयार झाली. कागद नाही, पेन्सिल नाही. ते पुढे म्हणायचे, की पेन्सिल नव्हती म्हणूनच ती सोपी राहिली. तीन वर्षांनी छापून आली. होणाऱ्या सौभाग्यवतींना त्या वीस मिनिटांबद्दल काय वाटलं, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही.

डायक्स्ट्रांच्या पद्धतीत एक खोड आहे. मुंबईहून नागपूरची वाट विचारली तर ती जवळच्या गावांपासून सुरुवात करत चारी दिशांना पसरते. नाशिक बघते, तसंच सुरतही बघते आणि रत्नागिरीही. नागपूर पूर्वेला आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. १९६८ मध्ये पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल या तिघांनी एक सुधारणा केली. प्रत्येक गावापासून नागपूर सरळ रेषेत किती दूर आहे, तो अंदाजही हिशेबात धरायचा. रत्नागिरीचा नंबर मग आपोआप मागे पडतो. अंदाज खऱ्या अंतरापेक्षा कधीच जास्त नसेल, तर सर्वात जवळची वाट सापडणार याची हमी. हाच तो 'ए स्टार'. व्हायवात हमखास विचारतात.

हे सगळं त्यांनी केलं ते शेकी नावाच्या रोबोसाठी. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६६ ते १९७२ या काळात तो घडला. चाकांवर रचलेली यंत्रांची चळत, वर कॅमेरा. चालताना लटपटायचा, म्हणून हे नाव. कुठला ठोकळा कुठून कुठे ढकलायचा, याचा तो स्वतः बेत आखायचा. १९७० मध्ये 'लाइफ' मासिकाने त्याला पहिला इलेक्ट्रॉनिक माणूस ठरवून टाकलं. प्रत्यक्षात हा माणूस दोन-चार खोल्यांत ठोकळे ढकलायला तासन्‌तास घ्यायचा. सध्या तो माउंटन व्ह्यूच्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये निवांत उभा आहे.

सुकाणूवाला खलाशी

वाट सापडली, आता ती धरून ठेवायची. रोबोच्या स्टिअरिंगला जे तंत्र शिकवतात त्याचं नाव पीआयडी, आणि त्याची मांडणी १९२२ मध्ये निकोलस मिनॉर्स्की यांनी केली. ते अमेरिकी नौदलासाठी काम करत होते. जहाजाचा अनुभवी सुकाणूवाला काय करतो, हे त्यांनी नीट न्याहाळलं. तो फक्त आत्ताची चूक बघत नाही. चूक किती वेगाने वाढतेय किंवा घटतेय तेही बघतो, आणि किती वेळ साचत आलीय तेही. या तीन गोष्टींचं गणित म्हणजे पीआयडी. फक्त पहिली गोष्ट बघणारा रोबो रेषेच्या दोन्ही बाजूंना झोकांड्या खातो. लाइन फॉलोअर बनवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने सबमिशनच्या आदल्या रात्री हा तमाशा पाहिलेला असतो.

'उन्हाळ्याच्या सुट्टीत होऊन जाईल'

१९६६ मध्ये एमआयटीत सीमोर पॅपर्ट यांनी एक टिपण काढलं. सुट्टीत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटून द्यायचा प्रकल्प होता: यंत्राला बघायला शिकवणे. दृश्यातल्या वस्तू वेगळ्या काढायच्या, ओळखायच्या, वगैरे. सुट्टी संपली. प्रकल्प अजून चालू आहे. जगभरातले हजारो संशोधक अद्याप त्याच गृहपाठावर बसलेत.

याच खात्यातली एक मजेदार उसनवारी बघा. पॉल हफ यांनी १९६२ मध्ये एका युक्तीचं पेटंट घेतलं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगांत सूक्ष्म कण बुडबुड्यांच्या रेघा उमटवत जातात. त्या फोटोंतल्या सरळ रेषा यंत्राने शोधाव्यात, हा हेतू. पुढे शेकीच्याच गोतावळ्यातल्या डुडा आणि हार्ट यांनी तिला आजचं रूप दिलं. आज बिनचालकाच्या गाडीचा पहिला प्रकल्प करणारी मुलं रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओळखायला तीच युक्ती वापरतात.

३०४ काडेपेट्यांचा विद्यार्थी

आता मशीन लर्निंग. त्यासाठी कम्प्युटर लागतोच, असं नाही.

डोनल्ड मिकी या ब्रिटिश संशोधकांनी १९६१ मध्ये ३०४ काडेपेट्या एकमेकींना चिकटवून फुली-गोळा खेळणारं यंत्र बनवलं. खेळातल्या प्रत्येक वेगळ्या स्थितीसाठी एक पेटी. पेटीत रंगीत मणी, आणि एकेक रंग म्हणजे पाटावरचं एकेक घर. यंत्राची पाळी आली, की त्या स्थितीची पेटी शोधायची, हलवायची, जो मणी पुढे येईल तिथे खूण करायची. डाव जिंकला तर वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्या रंगाचे तीन मणी जादा टाकायचे. बरोबरी झाली तर एक. हरला तर तो मणी जप्त! सुरुवातीला यंत्र वाट्टेल तिथे खूण करतं. पण वाईट चालींचे मणी संपत जातात, चांगल्यांचे साचत जातात. बऱ्याच डावांनंतर त्याला हरवणं जड जायला लागतं. आत ना वीज, ना प्रोग्राम.

बक्षीस दिलं की वर्तन पक्कं होतं, शिक्षा केली की सुटतं. रीइन्फोर्समेंट लर्निंग म्हणतात ते हेच. आज चालायला शिकणारे चार पायांचे रोबो याच तत्त्वावर शिकतात, फक्त मण्यांच्या जागी आकडे असतात. घरात सुट्टीला कंटाळलेली मुलं असतील तर एवढ्या पेट्या जमवायला हरकत नाही. आजीच्या देवघरातून सुरुवात करा, पण विचारून.

मिकी यांनी पुढे एडिंबरात फ्रेडी नावाचा रोबो केला. ढिगातून लाकडी तुकडे शोधून तो खेळण्यातली गाडी जोडायचा. हात एका जागी स्थिर, आणि खालचं टेबलच सरकायचं! १९७३ मध्ये सर जेम्स लाइटहिल यांचा अहवाल आला. या क्षेत्राने दिलेल्या शब्दांच्या मानाने हाती काही लागलेलं नाही, असा त्याचा सूर. ब्रिटनमध्ये एआयचा पैसा आटला. सरकारी अहवालापुढे रोबोचंही काही चालत नाही.

न्यूरल नेटवर्कचा पूर्वजही असाच हातापायाचा होता. फ्रँक रोझेनब्लॅट यांच्या मार्क वन पर्सेप्ट्रॉनमध्ये डोळ्यांच्या जागी ४०० फोटोसेल होते. शिकताना जे आकडे बदलतात, ते बदलायला चक्क विजेच्या मोटरी होत्या. म्हणजे यंत्र शिकतंय हे ऐकू यायचं. मार्व्हिन मिन्स्की यांनी पॅपर्ट यांच्यासोबत १९६९ मध्ये पुस्तक लिहून या पर्सेप्ट्रॉनच्या मर्यादा उघड्या पाडल्या. मिन्स्की आणि रोझेनब्लॅट न्यूयॉर्कच्या एकाच शाळेत शिकलेले.

गवत पाहून गाडी चालवणारा

कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमरलो यांनी १९८९ च्या सुमारास न्यूरल नेटवर्ककडून गाडी चालवून घेतली. कॅमेऱ्याचं चित्र केवळ ३० बाय ३२ ठिपक्यांचं. आजच्या मोबाइलवरच्या एखाद्या इमोजीलाही याहून जास्त ठिपके लागतात. माणूस चालवताना नेटवर्क ते बघायचं आणि नक्कल करायचं. सगळं झकास चाललं होतं. मग १९९१ मध्ये एके दिवशी पूल आला आणि गाडी एकदम एका बाजूला वळली. पॉमरलो यांनी नेटवर्कचं पोट फाडून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. शिकवणीच्या सगळ्या रस्त्यांच्या कडेला गवत होतं. पठ्ठ्या रस्ता शिकलाच नव्हता, गवताची कड धरून चालत होता. पुलावर गवत कुठून येणार?

वर्गात ओव्हरफिटिंग, डेटामधला पक्षपात वगैरे मोठ्या शब्दांत जे शिकवतात, ते या एका किश्शात आलं. घोकंपट्टी करणाऱ्याला पेपरात थोडा वेगळा प्रश्न आला, की असंच होतं.

बक्षिसासाठी वाट्टेल ते

काडेपेट्यांच्या यंत्राला लबाडी करायला वाव नव्हता. नव्या यंत्रांना आहे, आणि ती संधी सोडत नाहीत.

ओपनएआयने २०१६ मध्ये बोटींच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम आपल्या प्रोग्रामला शिकायला दिला. गुण मिळत होते वाटेतल्या खुणांना धडकण्याचे. प्रोग्रामच्या लक्षात आलं, की एका कोपऱ्यात गोल गोल फिरलं, तर त्याच खुणा पुन्हा पुन्हा उगवतात. मग काय! बोट पेटतेय, दुसऱ्यांना आपटतेय, शर्यत पूर्ण करायचं नाव नाही, आणि गुण माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त.

दुसरा नमुना याहून वरचढ. सिम्युलेटरमधल्या रोबोच्या हाताला वस्तू पकडायला शिकवत होते. पकडली की नाही, हे माणूस पडद्यावर बघून सांगायचा. रोबोने वस्तू पकडलीच नाही. पंजा कॅमेरा आणि वस्तू यांच्या मधोमध अशा बेताने धरला, की बघणाऱ्याला पकडल्यासारखं दिसावं. परीक्षकालाच गंडवलं! याला कुणी फसवणूक शिकवली नव्हती. आपण बक्षीस ज्यासाठी ठेवलं, तेच त्याने केलं. आपल्याला हवं होतं ते वेगळं होतं, एवढंच.

आठ लाख वेळा उचल, ठेव

खऱ्या हाताने खरी वस्तू उचलणं किती अवघड? गूगलने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगात एका वेळी १४ पर्यंत रोबो-हात ओळीने बसवले होते. दोन महिने ते ट्रेमधल्या सटरफटर वस्तू उचलत आणि टाकत होते. आठ लाखांवर प्रयत्न झाले. तेव्हा कुठे बऱ्यापैकी जमायला लागलं.

म्हणून मग सगळे सिम्युलेटरकडे वळतात. तिथे यंत्र तुटत नाही आणि वेळही हवा तेवढा पळवता येतो. ओपनएआयने २०१९ मध्ये एका हाताने रुबिक क्यूब फिरवणारा रोबो-पंजा दाखवला. त्याने सिम्युलेटरमध्ये सुमारे १३,००० वर्षांचा अनुभव गोळा केला होता. सिम्युलेटरमध्ये क्यूबचा आकार, वजन, घर्षण सतत बदलत ठेवलं होतं, त्यामुळे खऱ्या जगात आल्यावर पंजा बिथरला नाही. हातमोजा घातला, बोटं बांधली, खेळण्यातला जिराफ टोचून बघितला, तरी गडी चालू. मात्र दोन गोष्टी बातम्यांत बारीक अक्षरात राहिल्या. क्यूब सोडवायच्या पायऱ्या आधीपासून ठाऊक असलेल्या साध्या अल्गोरिदमने काढल्या होत्या, यंत्र शिकलं ते फक्त बोटं चालवायला. आणि क्यूब सर्वात अवघड पद्धतीने विस्कटला असेल, तर यश पाचात एकदाच.

बुद्धिबळ सोपं, फुटबॉल अवघड

मे १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू कम्प्युटरने बुद्धिबळाच्या जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरवलं. त्याच वर्षी जपानच्या नागोयात रोबोंच्या फुटबॉलची पहिली विश्वचषक स्पर्धा, रोबोकप, भरली. तिचं जाहीर ध्येय आहे: २०५० पर्यंत फुटबॉलचा जगज्जेता मानवी संघ हरवायचा. एकीकडे जगज्जेत्याला मात, आणि दुसरीकडे चेंडू कुठे आहे हे शोधताना नाकी नऊ.

रोबोतज्ज्ञ हान्स मोराव्हेक यांनी १९८८ मध्येच हे नेमकं सांगून ठेवलं होतं. बुद्धिबळ किंवा गणितात यंत्राला मोठ्या माणसाच्या बरोबरीला आणणं त्या मानाने सोपं, पण वर्षाच्या बाळासारखं बघणं-चालणं अवघड. ते अनुभवाने बोलत होते. त्यांची स्टॅनफर्ड कार्ट ही रोबो-गाडी १९७९ मध्ये खुर्च्या मांडलेली खोली कुणाच्याही मदतीशिवाय पार करून गेली. वेळ लागला सुमारे पाच तास. साधारण मीटरभर सरकायचं, आणि मग दहा-पंधरा मिनिटं विचार करायचा.

नंतरची उडीही बघा. मार्च २००४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पाने मोहावीच्या वाळवंटात बिनचालक गाड्यांची शर्यत ठेवली. बक्षीस दहा लाख डॉलर. दोनशेहून अधिक किलोमीटरच्या शर्यतीत सर्वात पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरही पार करू शकली नाही. एका चमूने मोटरसायकल आणली होती. सुरुवातीच्या रेषेवर तोल सांभाळणारं बटण चालू करायचं राहिलं आणि ती जागच्या जागी आडवी झाली. तीही आता स्मिथसोनियनमध्ये आहे! दीडच वर्षाने, ऑक्टोबर २००५ मध्ये, पाच गाड्यांनी अख्खी शर्यत पूर्ण केली. पहिली आली स्टॅनफर्डची स्टॅन्ली, सहा तास त्रेपन्न मिनिटांत. तिच्या चमूचे प्रमुख होते तेच आपले थ्रन सर.

मंगळावरची वाळू

भारतात वाढलेल्या वंदी वर्मा यांनी कार्नेगी मेलनमध्ये डॉक्टरेट केली ती पार्टिकल फिल्टरवर. रोबोत काय बिघडलंय, हे रोबोलाच त्यातून कसं ओळखता येईल, हा विषय. पुढे त्यांनी नासासाठी मंगळावरच्या गाड्या चालवल्या. तिथे 'चालवणं' म्हणजे हातात जॉयस्टिक नव्हे. पृथ्वीवरून संदेश पोचायला कित्येक मिनिटं लागतात, त्यामुळे समोरचा दगड गाडीने स्वतःच बघून चुकवायचा असतो.

मंगळावरच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरचं तर पहिल्या धड्याशी थेट नातं. वजन अवघं १.८ किलो. पाच उड्डाणं ठरली होती, केली ७२. खालच्या जमिनीवरचे दगडधोंडे कॅमेऱ्यातून बघत ते आपण किती सरकलो याचा अंदाज घ्यायचं. १८ जानेवारी २०२४ ला ते अशा जागी गेलं, जिथे खाली फक्त वाळूच्या लाटा. ओळखीची खूणच नाही. अंदाज चुकला, उतरताना धडपडलं, पाती मोडली. 'मी कुठे आहे?' हा प्रश्न तिथे सुटला नाही.

आपला प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा, वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. २७ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर त्याच्या तीन मीटर पुढ्यात चार मीटर रुंद खड्डा आला. इस्रोने त्याला आल्या वाटेने माघारी फिरायला सांगितलं. खड्डे बघून गाडी वळवण्याचा सराव आपल्याला भरपूर आहे, म्हणा.

आणि पुण्यात

आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांची रोबोकॉन ही स्पर्धा दोनदा पुण्यात झाली, २००८ आणि २०१४ मध्ये. मुंबईच्या आयआयटीतला ई-यंत्र उपक्रम देशभरातल्या कॉलेजांमध्ये रोबोटिक्सच्या लॅब उभ्या करायला मदत करतो आणि दरवर्षी स्पर्धा घेतो. म्हणजे हा विषय शिकायला सातासमुद्रापार जायलाच हवं, असं काही नाही. थ्रन यांचे व्हिडिओही घरबसल्या बघता येतात.

तेव्हा घरात कुणी अकरावी-बारावीला असेल आणि रोबो बनवायची स्वप्नं बघत असेल, तर एवढा निरोप द्या: संभाव्यता आणि मॅट्रिक्सचे धडे ऑप्शनला टाकू नका. इथे ते दोन्ही पहिल्याच महिन्यात लागतात.